शालेय समुपदेशक व्हायचं तर: शिक्षण, नोंदणी आणि सराव

प्रश्न बडोद्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. मानसशास्त्रात बी.ए., त्यानंतर बी.एड., आणि सीबीएसईच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत माध्यमिक वर्गांना शिकवण्याचा बऱ्यापैकी अनुभव. मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्याकडे येऊन घरचं-दारचं सांगतात, म्हणून आता पूर्णवेळ समुपदेशक व्हावं असं त्यांच्या मनात आहे. न्यू जर्सीतल्या नणंदेनं त्यांना सांगितलं की तिकडे लायसन्सशिवाय हे काम करूच देत नाहीत. तर इथे कोणतं लायसन्स लागतं, ते कुठून मिळतं, किती वर्षं जातात आणि त्यासाठी नोकरी सोडावी का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, पहिलं उत्तर ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. कागदोपत्री तुम्ही आजच पात्र ठरू शकता. सीबीएसईच्या २०१८च्या संलग्नता नियमावलीत समुपदेशक आणि वेलनेस शिक्षक नेमण्याचं कलम आहे, आणि त्यात मानसशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासातली पदव्युत्तर पदवी, किंवा कोणतीही पदवी आणि करिअर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका, एवढीच किमान अट मुळात होती. वेगळ्या परवान्याचा उल्लेख नव्हता. पुढे हे कलम बदललं आहे, म्हणून अर्ज करण्याआधी मंडळाच्या संकेतस्थळावरची ताजी नियमावली मात्र जरूर वाचा.

पण ती किमान अट म्हणजे नेमणूक करताना शाळेनं तपासायची गोष्ट आहे. नववीतली मुलगी दार लोटून आत येते, बाही वर करते आणि हातावरचे वार दाखवते, तेव्हा काय करायचं हे त्या बी.ए.मध्ये कोणी शिकवलेलं नसतं. अनेक वर्षं बडोद्यातल्या शाळांमध्ये हेच काम करते आहे, म्हणून ठामपणे सांगते: आपल्याकडे परवाना नाही ही सवलत समजू नका. तिकडे जे काम परवाना देणारं मंडळ करतं, म्हणजे तुमची तयारी पुरेशी आहे का हे तपासणं, ते इथे तुमचं तुम्हालाच करायचं आहे. आणि ती तपासणी एकाच प्रश्नावर होते: अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली तुम्ही प्रत्यक्ष मुलांबरोबर किती काम केलं आहे?

नोंदणीचा गोंधळ आधी निस्तरते, कारण त्यावरून फार गैरसमज आहेत. भारतीय पुनर्वास परिषद, जिला सगळे आरसीआय म्हणतात, १९९२च्या कायद्यानं आली. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मनोविकारांचं निदान आणि उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ), विशेष शिक्षक, पुनर्वसन समुपदेशक अशा व्यावसायिकांची नोंद तिच्या केंद्रीय नोंदवहीत होते आणि त्यांना त्या नोंदवहीचा, म्हणजे सीआरआर, क्रमांक मिळतो. नोंदणी नसताना असं काम करणं हा गुन्हा आहे. कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगितला आहे. शालेय समुपदेशक या यादीत नाही. म्हणजे आरसीआय नोंदणीशिवाय तुम्ही शाळेत समुपदेशन करू शकता, पण खोलीच्या दारावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावू शकत नाही, शाळेनं हौसेनं लावली तरी ती काढायला लावायची. मुलाला अमुक विकार आहे असं निदान लिहून देणं हेही तुमच्या कक्षेबाहेरचं. शाळा ते मागतात, पालक तर फारच मागतात.

दुसरा कायदा २०२१चा, संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा. त्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्य क्षेत्रातले व्यवसाय आहेत आणि त्यात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकही येतात. पुढे राज्य परिषदांमार्फत नोंदणी होण्याची दिशा इथून ठरते. याचा एक परिणाम आत्ताच दिसला आहे आणि तुमच्यासारख्या नोकरी करणाऱ्या शिक्षिकांना तो सगळ्यात जास्त झोंबणारा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५मध्ये याच कायद्याचा आधार घेऊन मानसशास्त्रासह अनेक विषयांचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितलं. जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून नवे प्रवेश नाहीत. आजवर बडोद्यातल्या कितीतरी जणींनी घर आणि नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीनं मानसशास्त्रात एम.ए. केलं. आता कोणी एजंट फोन करून ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ म्हणाला, तर पैसे भरू नका. माझं वैयक्तिक मत विचाराल तर हा निर्णय कडक असला तरी त्यामागचा विचार पटतो. माणसांबरोबर करायचं काम केवळ स्वाध्याय लिहून शिकता येत नाही. पण गावोगावच्या मुलींची एकमेव वाट त्यानं बंद झाली, याचं वाईटही तितकंच वाटतं.

मग वाटा कोणत्या उरल्या?

तुमच्यासाठी मी सगळ्यात आधी एनसीईआरटीच्या मार्गदर्शन आणि समुपदेशनाच्या पदविकेचा विचार करीन. ती सेवेतल्या शिक्षकांना डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेली आहे. दिल्लीतल्या विभागाबरोबरच प्रादेशिक शिक्षण संस्थांमध्ये ती चालते आणि गुजरात भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येतो. अभ्यासक्रम वर्षभराचा. पहिले सहा महिने आपापल्या गावी राहून मार्गदर्शित स्वाध्याय, नंतरचे तीन महिने संस्थेत राहून प्रत्यक्ष प्रशिक्षण, आणि शेवटचे तीन महिने आपल्याच परिसरात इंटर्नशिप. मधल्या तीन महिन्यांसाठी रजा लागते, आणि खरी अडचण तिथेच येते. शाळा सहजासहजी सोडत नाही, घरी सासू-सासऱ्यांचं पथ्यपाणी आणि मुलांच्या परीक्षा असतात. तरी सांगते, त्या तीन महिन्यांसाठीच हा अभ्यासक्रम करायचा. तिथे तुम्ही एकमेकींची समुपदेशनाची सत्रं पाहता, प्रशिक्षक तुमचं बोलणं मध्येच थांबवून विचारतात की आत्ता हा सल्ला कोणाच्या समाधानासाठी दिलात, मुलाच्या की स्वतःच्या? शिक्षक म्हणून आपल्याला लगेच उत्तर द्यायची सवय असते. ती मोडायला वेळ लागतो आणि एकटीनं ती मोडत नाही.

पूर्णवेळ शिकायची मोकळीक असेल तर आपल्या गावात महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे आणि इथल्या मुलींना त्याची पुरती किंमत कळत नाही असं मला नेहमी वाटतं. शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र एकाच विद्याशाखेत नांदतात अशी ही जागा आहे. कुटुंब आणि समुदाय विज्ञान विद्याशाखेत, म्हणजे आपण अजूनही जिला होम सायन्स म्हणतो तिथे, मानव विकास आणि कुटुंब अध्ययन हा विभाग आहे. बालविकासाची पदव्युत्तर पदवी सीबीएसईच्या २०१८च्या नियमावलीत चालत होती हे वर आलंच आहे. तिसरी वाट समाजकार्य विद्याशाखेची. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून शालेय समुपदेशनात यायचा विचार फारसं कोणी करत नाही, पण त्यात दर आठवड्याला संस्थेत जाऊन क्षेत्रकार्य करायचं असतं, त्याचा अहवाल लिहायचा असतो आणि मार्गदर्शकासमोर बसून त्यावर बोलायचं असतं. घरभेट कशी द्यावी, बापाच्या दारूबद्दल आईशी कसं बोलावं, पोलीस आणि बालकल्याण समितीपुढे कसं उभं राहावं, हे समाजकार्याच्या मुलींना मानसशास्त्राच्या मुलींपेक्षा चांगलं येतं, असा माझा अनुभव आहे. पुण्याला राहायची सोय असेल तर ज्ञानप्रबोधिनीच्या मानसशास्त्र संस्थेतला शालेय मानसशास्त्राचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही पाहा.

क्लिनिकलचा मार्ग वेगळा आणि लांबचा. एम.ए.नंतर आरसीआय मान्य प्रशिक्षण, तेही रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत. शाळेत काम करायचं हे नक्की असेल तर त्याची गरज नाही.

कोणताही अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातले विषय बघू नका, ते सगळीकडे सारखेच छापलेले असतात. फोन करून थेट विचारा: प्रत्यक्ष मुलांबरोबर किती तास काम, त्यातलं किती कोणाच्या देखरेखीखाली, आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीनं स्वतः शाळेत काम केलं आहे का? तुलनेला म्हणून नणंदेच्या देशातला आकडा सांगते. तिकडच्या मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आधी १०० तासांचा सराव आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप असते. त्यानंतर राज्य आपापल्या नियमानं प्रमाणपत्र देतं, बऱ्याच राज्यांत परीक्षाही असते. आपल्याकडे शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ‘सर्टिफाइड काउन्सेलर’ करून देणारे वर्ग आहेत. त्या प्रमाणपत्राची चौकट करून भिंतीवर लावता येईल, पण ते हातात घेऊन मुलासमोर बसू नका.

अमेरिकेत जायचा विचार असेल तर एवढंच, की इथली पदवी तिथे आपोआप चालत नाही. प्रत्येक राज्य पदवीचं मूल्यमापन स्वतंत्रपणे मागतं आणि बहुतेकांना तिथली पदव्युत्तर पदवी किंवा निदान काही अभ्यासक्रम करावेच लागतात.

आता अभ्यासक्रमात थोडक्यात उरकलं जातं पण शाळेत पहिल्याच महिन्यात समोर येतं, त्याबद्दल.

मूल म्हणतं, ‘मॅडम, कोणाला सांगणार नाही ना?’ आणि आपण मायेनं म्हणून जातो, ‘नाही सांगणार.’ हे वचन कधीही देऊ नका. २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. समुपदेशकाला त्यातून सूट नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखानं दडवलं तर एक वर्षापर्यंत. प्रिन्सिपलना सांगितलं म्हणजे आपलं काम संपलं असं बऱ्याच जणींना वाटतं. ते संपत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत, मूल काही सांगायच्या आधी, साध्या शब्दांत सीमा सांगायची: इथलं बोलणं माझ्याजवळ राहील, पण तुला कोणी इजा करत असेल, तू स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करशील असं मला वाटलं, तर मोठ्यांची मदत घ्यावी लागेल, आणि ती घेण्याआधी मी तुला सांगेन. हे ऐकून मुलं गप्प होतील अशी भीती नव्या समुपदेशकांना वाटते. माझ्याकडची मुलं उलट जास्त विश्वासानं बोलली, कारण त्यांना नियम आधी कळला होता.

दुसरी गोष्ट आत्महत्येचा विचार. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल, नीट, जेईई, आणि ‘शेजारच्यांचा मुलगा बघ’ हे सगळं एकाच मुलाच्या डोक्यावर असतं. संशय आला तर स्पष्ट विचारायचं: ‘जगू नये असं वाटतं का? मरण्याचा विचार मनात येतो का? काही ठरवलं आहेस का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे, अभ्यासांतून ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण हे प्रश्न आवाज न कापता विचारायला सराव लागतो, आणि तो खऱ्या मुलावर पहिल्यांदा करायचा नसतो. मूल ‘हो’ म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, वर्गात परत पाठवायचं नाही, पालकांना त्याच दिवशी बोलावायचं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. बडोद्यात सयाजी हॉस्पिटलचा मनोविकार विभाग आणि कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे; नेमणूक झाल्याच्या पहिल्या महिन्यातच तिथे जाऊन ओळख करून घ्या, म्हणजे ऐनवेळी फोन कोणाला करायचा हे शोधत बसावं लागणार नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक खोलीच्या भिंतीवर, मुलांच्या उंचीला लावा.

तिसरी गोष्ट अभ्यासातल्या अडचणींची. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणितातली डिस्लेक्सियासारखी अडचण, आली, त्यामुळे मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मात्र त्यासाठीचं प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय यंत्रणेकडून येतं. तुमचं काम म्हणजे वह्या नीट बघणं, शिक्षकांशी बोलणं, डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगणं आणि योग्य ठिकाणी वेळेत पाठवणं, म्हणजे पाचवी-सहावीत, दहावीच्या डिसेंबरात नव्हे. बुद्धिमापन चाचण्या प्रशिक्षणाशिवाय वापरू नका. मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली बिने-कामत चाचणी आजही आपल्याकडे वापरात आहे, पण तिचा आकडा चुकीच्या हाती पडला तर मुलाच्या कपाळावर आयुष्यभर चिकटतो.

बडोद्याच्या शाळेत भाषेचाही विचार करावा लागतो. इथलं मराठी घरातलं मूल वर्गात इंग्रजी बोलतं, मित्रांशी गुजराती, आणि आजीशी मराठी. दांडिया बाजार-रावपुऱ्यात वाढलेल्या आपल्या पिढीला गुजराती येतंच, पण खोलीत बसल्यावर आपण नकळत ‘शाळेची’ भाषा धरतो. मुलाला ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत त्याला बोलू द्या. पालकांशी बोलतानाही तसंच. मराठी घरांत, विशेषतः एकत्र कुटुंबात, आई एकटी भेटायला आली की वेगळं सांगते आणि आजोबांसमोर वेगळं. दोन्ही ऐकायचं असतं.

शाळेकडून होणाऱ्या अपेक्षांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण चांगल्या समुपदेशक बहुधा याच कारणानं काम सोडतात. शिक्षिका रजेवर गेल्या की समुपदेशकाला प्रॉक्सी पिरियडला पाठवतात. शिस्त मोडलेल्या मुलाला ‘जरा समजावून सांगा’ म्हणून धाडतात, मग तुमच्या खोलीत जाणं ही शिक्षा होऊन बसते. पेपर तपासायला देतात. आणि ज्या मुलीला तुम्ही मंगळवारी रडताना पाहिलं, तिचीच बुधवारी तोंडी परीक्षा घेता. शिकवणं आणि समुपदेशन एकाच मुलाबरोबर चालत नाही, मार्क देणाऱ्या हातावर मूल पूर्ण विश्वास टाकत नाही. मधल्या सुट्टीत मुलं तुमच्याकडे येतात याचा अर्थ त्यांना तुम्ही आपल्या वाटता, हे भांडवल मोठं आहे. पण त्याच शाळेत भूमिका बदलणार असाल तर आधी शिकवणं पूर्ण सोडा, निदान ज्या वर्गांचं समुपदेशन करणार ते वर्ग तरी. नेमणूक स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्या: दार बंद होईल अशी स्वतंत्र खोली, प्रॉक्सी नाही, नोंदी कुलपात आणि किल्ली तुमच्याकडे, गंभीर प्रसंगी कोणाला कधी कळवायचं याची ठरलेली पद्धत. प्रिन्सिपलना सुरुवातीला हे जड वाटतं. शांतपणे समजावलं तर बहुतेक जण मान्य करतात, कारण उद्या काही घडलं तर शाळेलाही याच कागदांचा आधार असतो.

काम मिळेल का, ही तुमची शंका प्रश्नात दडलेली दिसते. मिळेल. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं, असं त्यात आहे. कोचिंग क्लासही त्यात आले. आता जाहिराती वाढतील, आणि घाईघाईनं कोणालाही नेमलं जाण्याचा धोकाही वाढेल. केंद्रीय विद्यालयं दरवर्षी कंत्राटी समुपदेशकांच्या मुलाखती घेतात. सुरुवातीच्या अनुभवासाठी ती जागा चांगली, पगाराची आणि कायमपणाची अपेक्षा ठेवू नका.

नोकरी सोडावी का? आज नको. आधी तुमच्याच शाळेत समुपदेशक असतील तर प्रिन्सिपलना विचारून या वर्षी त्यांच्या हाताखाली गटसत्रं घ्या, किशोरवयीन मुलांशी शरीर-मैत्री-राग यांवरची. त्यासाठी तुमची बी.ए. आणि बी.एड. पुरेशी आहे, आणि एकेकट्या मुलाची केस हातात न घेताही तुम्हाला कळेल की हे काम दिवसभर केलं तर आपल्याला झेपतं का. तेवढ्यात भोपाळच्या संस्थेची प्रवेशसूचना पाहत राहा. सत्र जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे जुलै ते सप्टेंबरच्या रजेचा अर्ज आदल्या वर्षीच द्यावा लागेल. शाळेनं शिफारसपत्र दिलं तर बरं. पदविकेनंतर एखादी अनुभवी समुपदेशक गाठा आणि महिन्यातून दोनदा तिच्यासमोर आपल्या केसेस, मुलाची ओळख न देता, मांडत जा. त्यासाठी फी द्यावी लागली तर द्या. मी आजही देते.